जिल्हा झाला की जा

लातूरच्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, वीरण्णाला ओळखत नाही असा माणूस नव्हता, पण गवई म्हणून नव्हे. आडत दुकानापुढे धान्याचा ढीग पडला की पोत्यांच्या थप्पीवर चढून बोली पुकारणारा, एवढीच त्याची ओळख. त्याचा आवाज थेट गोलाईच्या चौकापर्यंत जातो, असं लोक कौतुकानं सांगायचे. ते कौतुक कानावर पडलं की वीरण्णाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ज्या गळ्यासाठी त्यानं पाच वर्षं नांदेडात दुसऱ्याच्या घरचं पाणी भरलं, त्या गळ्याचं हे असलं कौतुक! पण लोकांना तरी काय बोलणार? मोठा आवाज आणि चांगला आवाज यांतला फरक कळायला कान लागतात, आणि गंजातले कान भाव ऐकण्यापुरतेच असतात.

त्याचं गाव निलंग्याजवळचं. बाप मडिवाळप्पा किराणा दुकान चालवायचा. गावच्या शिवनाम सप्ताहात हा पोरगा भजनाला उभा राहिला की म्हातारे टाळ वाजवायचं विसरत. नांदेडच्या एका पाहुण्यानं ते ऐकलं आणि मिसरूड फुटायच्या वयात त्याला अण्णाराव गुरुजींच्या दारात नेऊन उभं केलं.

गुरुजी जुन्या नांदेडात, नदीच्या अंगाला राहायचे. माणूस विद्येनं मोठा आणि जिभेनं तिखट. पहिली दोन वर्षं त्यांनी वीरण्णाला खालच्या सुरांखेरीज काही गाऊच दिलं नाही. पुढं तो तान घ्यायला लागला तर म्हणायचे, "पळतोस कुठं? मागं पोलीस लागलेत का?" वीरण्णा सगळं गिळायचा, कारण त्याला रेडिओवर गायचं होतं. गावात कुणाच्या तरी ओसरीवर रेडिओ लागावा, त्यातून आपलं नाव यावं आणि बापानं दुकानाची फळी टाकून ऐकायला धावत जावं, एवढं त्याचं स्वप्न. पण रेडिओच्या चाचणीला बसायचं तर गुरुजींनी "तयार आहे" म्हणायला हवं, आणि ते शब्द त्यांच्या तोंडून फारच थोड्यांनी ऐकले होते. एकदा मात्र शिकवणी संपल्यावर गुरुजी सहज बोलून गेले, "अजून दोन वर्षं कर. मग बसवतो तुला." वीरण्णा हवेतच चालत होता कितीतरी दिवस.

आणि बाहत्तरचा दुष्काळ आला.

मामा ईश्वरप्पा लातूरहून स्वतः न्यायला आला. डोक्याला रुमाल, कपाळाला भस्माचे पट्टे. चपला न काढता दारातच उभा राहिला आणि "चल" म्हणाला.

"कुठं?" गुरुजींनी विचारलं.

"ह्याचा बाप दुकान बंद करून खडी फोडून राहिलाय. माय सरकारी सुकडीच्या रांगंत उभी हाय. आन हे हितं आ करून बसलंय."

"पाच वर्षं मी हा गळा बांधलाय. आता उठवलात तर सगळं वाया जाईल."

"गळ्यात आधी घास जाऊ द्या, मास्तर. सूर मागनं जाईल."

'मास्तर' म्हटल्यावर गुरुजींचा पारा चढला. मामाशी बोलणं त्यांनी तिथंच तोडलं आणि वीरण्णाकडं वळले. "जा. पण परत येशील तेव्हा शिकायच्या दिवशी ये. सवड सापडली म्हणून येऊ नकोस."

वीरण्णानं पाया पडायला हात पुढं केले तेव्हा त्यांनी पाय मागं घेतले. ते त्याच्या मनाला फार लागलं. तसाच तो मामाबरोबर लातूरच्या एसटीत बसला.

मामाची आडत गंजातल्या चांगल्या जागी होती आणि बरोबर समोर सिद्रामप्पाची. दोघं एकाच मठाचे, एकाच पंगतीला जेवणारे, आणि एकमेकांचं गिऱ्हाईक तोडायला टपलेले. शेतकऱ्याचा माल दुकानापुढं ओतला की भोवती डाळ मिलवाले आणि खरेदीदार जमत आणि पुकारणारा चढता भाव ओरडत जाई. रांगेतल्या सगळ्या आडतींचे सौदे एकाच वेळी. ज्याचा आवाज मोठा, त्याच्याकडं खरेदीदार आधी वळणार. सिद्रामप्पाकडं एक पहाडासारखा माणूस पुकारायला होता. मामाला त्याच्यावर उतारा हवा होता, आणि भाच्याचा गळा पाच वर्षं तयार होतो आहे हे त्याला माहीत होतं. खडी फोडायला नेण्यासाठी काही त्यानं नांदेडचा प्रवास केला नव्हता.

पहिल्या दिवशी वीरण्णानं बोली पुकारली ती आपला सूर धरून, गळ्याला ताण न देता. बरी वाटली असेल ऐकायला. मामा गादीवरून ओरडला, "देवळात बसलास का? लोकाला झोप लागंल! छातीतनं वरड!"

"गळा बसंल मामा."

"बसू दे. तू बसू नको."

हमाल हसले. वीरण्णा ओरडला. तुरीचा भुसा नाकातोंडात जायचा, पलीकडच्या ओळीतून मिरचीचा ठसका यायचा आणि त्यात दुपारपर्यंत ओरडायचं. पण महिन्याला गावाकडं ज्वारी जाऊ लागली आणि मायचं रांगेत उभं राहणं थांबलं. हे मात्र मामानं केलं, ते नाकारून चालणार नाही. वीरण्णानंही कधी नाकारलं नाही. त्यानं फक्त मनात मामाला शिव्या घातल्या.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. बापानं दुकान उघडलं. माल वाढला तसा गंज पुन्हा गजबजला आणि वीरण्णानं ठरवलं की आता विचारायचं. त्यानं वेळ निवडली ती मात्र अगदीच वाईट. सौदे आटोपलेले, मामाच्या दुकानात व्यापारी चहा पीत बसलेले, आणि विषय चाललेला जिल्ह्याचा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. बारक्याशा कागदासाठी उस्मानाबादला हेलपाटे घालायचे आणि "लातूर वेगळा जिल्हा झाला पाहिजे" म्हणत परत यायचं, हे कितीतरी वर्षं चाललं होतं. अर्ज झाले, मोर्चे झाले, मंत्री येऊन हार घालून घेऊन गेले. जिल्हा काही होत नव्हता. गंजात कुणी उधारी थकवली की म्हणत, जिल्हा झाला की देईल.

वीरण्णा पुढं झाला. "मामा, पाऊस झाला. मला नांदेडला जाऊ द्या. माझं गाणं अर्धं राहिलंय."

मामानं बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि सगळ्यांकडं बघत म्हणाला, "जा की! लातूर जिल्हा झाला की जा!"

असं हसू फुटलं की समोरच्या दुकानातून सिद्रामप्पा उठून आला. काय झालं ते कळल्यावर त्यानं आगीत तेल ओतलं. "शब्द झाला का मग, ईश्वरप्पा?"

"झाला!"

आणि इथं वीरण्णानं एक गोष्ट केली. त्यानं हात पुढं केला आणि मामाचा हात धरून त्यावर आपला दुसरा हात मारला. गंजात हातावर हात पडला की सौदा पक्का. मग बाजार चढो की पडो, माघार नाही. जो फिरला त्याच्या दारात पुन्हा कुणी माल उतरवत नाही. मामाचं तोंड कडू झालं, पण चारचौघांत हात झटकता येईना. "सुम्मन कुंद्रु!" तो कानडीत खेकसला, म्हणजे गप बस. वीरण्णा गप बसला. त्याच्या मते त्यानं मामाला पकडलं होतं. कुणी कुणाला पकडलं, ते पुढं दिसायचं होतं.

तोवर गाणं मरू द्यायचं नाही म्हणून त्यानं एक वाट काढली. गंज आठवडाभर चालायचा. पुरा बंद असायचा तो अमावास्येला. त्या दिवशी पहाटेची एसटी धरून तो नांदेडला जायला लागला. पहिल्या खेपेला गुरुजींनी त्याला ओट्यावरच थांबवलं.

"आज काय आहे?"

"अमावास्या, गुरुजी."

"अमावास्येला मी विद्या देत नाही. माझ्या गुरूंनी दिली नाही, त्यांच्या गुरूंनी दिली नाही. आज अनध्याय."

"मला दुसऱ्या दिवशी सोडत न्हाईत."

"मग बाजार कर."

आत कोपऱ्यात तंबोरा गवसणी घालून उभा होता. वीरण्णा ओट्यावर बसून राहिला. गुरुजींच्या पत्नीनं चहा दिला. गुरुजी पेपर वाचत होते. दुपारच्या गाडीनं तो परतला. पुढच्या अमावास्येला पुन्हा गेला, पुन्हा तेच. त्याला वाटलं, गुरुजी परीक्षा बघतायत. गुरू विरघळतो अशा गोष्टी त्यानं कीर्तनात ऐकल्या होत्या. अण्णाराव गुरुजी त्या गोष्टींतले नव्हते. वेळा अमावास्येला, म्हणजे शेतपूजेच्या सणाला, अवघं लातूर आंबील-भज्जी घेऊन शेतात जातं, गावात कुत्रंसुद्धा उरत नाही. त्या दिवशीही हा बहाद्दर नांदेडला ओट्यावर.

मधल्या काळात मामानं आपली मुलगी पार्वतम्मा त्याला दिली आणि संसार आपल्याच घरात मांडून दिला; पुढं पोरंही झाली. मामाची पोर भाच्याला, रीतच ती. वीरण्णाला तो नवा दोर वाटला आणि बरीच वर्षं त्यानं बायकोवरही त्याचा राग काढला. पार्वतम्मा बापासारखीच फटकळ, पण न्यायाची. पहाटे तो सिद्धेश्वराच्या देवळामागं रियाजाला जायचा तेव्हा ती त्याच्या हातात ज्येष्ठमधाची काडी द्यायची. तिलाच पहिल्यांदा कळलं.

"वरचा सूर लावताना तुमी मान वाकडी करून राहिलाव," ती एकदा म्हणाली. "पयले न्हाई करत हुताव."

वीरण्णा चिडला, कारण खरं होतं. वरच्या टोकाचे सूर एकेक करून निसटत होते. आधी तो त्यांना ओढून आणायचा, मग नुसताच हात वर करून खूण करायचा. एखाद्या माणसाच्या डोळ्यांदेखत घर उतरवून नेत असावेत तसं त्याला व्हायचं.

"नांदेडला जाऊ," पार्वतम्मा म्हणाली. "मी खानावळीत पोळ्या लाटीन. शिकून घ्या पुरं."

"शब्द झालाय. जिल्हा होऊ दे."

"न्हाई झाला तर?"

"होतोय! चार लोकांत हातावर हात मारलाय मी. मधीच पळालो तर तुझा बाप म्हणंल, भाचा शब्दाला कच्चा निघाला."

"म्हणू द्या की!"

वीरण्णानं ताट सारून दिलं. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

उलट त्यानं भलतंच केलं. जिल्हा लवकर व्हावा म्हणून तो मोर्चांत शिरला. "लातूर जिल्हा झालाच पाहिजे!" ही आरोळी त्याच्याइतकी कुणाला जमायची नाही. पुढारी त्याला मुद्दाम पुढं ठेवत. सकाळभर तुरीची बोली ओरडायची, संध्याकाळी जिल्हा मागायचा, आणि त्यातून सुटका झाली की गायचं! गळा वाचवायला गळा जाळणारा असा शहाणा साऱ्या मराठवाड्यात सापडला नसता. पण त्याला त्यावेळी कुणी हे सांगितलं असतं तर त्यानं त्याचं टाळकं फोडलं असतं.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. गोलाईत फटाके, गुलाल, पेढे. वीरण्णा नाचला नाही की त्यानं पेढा खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी सौद्याची वेळ झाली, ढीग पडला, खरेदीदार जमले, आणि तो थप्पीवर चढलाच नाही. गादीपुढं जाऊन त्यानं हात पुढं केला.

"मामा, शब्द."

मामाला क्षणभर उमगलं नाही. समोरून सिद्रामप्पानं ताडलं आणि मांडीवर थाप मारली. "ईश्वरप्पा, जिल्हा झाला गा! उचला आता माल!"

रांगेतले सौदे थांबले. मामाचं तोंड काळंठिक्कर पडलं. हंगाम तोंडावर, पुकारणारा दुसरा नाही, आणि बघणारे सगळे. पण तो गंजातला माणूस होता.

"जा," तो म्हणाला. "मी शब्द फिरिवत न्हाई. लेकरंबाळं राहू दे हितं, खातील जेवतील. पर एकदा उतरलास, तर ह्या थप्पीवर पुन्ना पाय ठिवायचा न्हाई."

"ठिवत न्हाई," वीरण्णा म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. मामाचं वाईट झालं म्हणून जास्तच.

तो नांदेडला गेला तो शिकायच्या दिवशी, पंचांग बघून. गुरुजी थकले होते, केस पार पांढरे झाले होते. त्यांनी तिथी विचारली नाही. तंबोऱ्याची गवसणी काढली, जुळवला आणि म्हणाले, "गा."

खालचे सूर त्यानं लावले तेव्हा गुरुजींनी डोळे मिटले. वीरण्णाला आशा वाटली. मध्यापर्यंत तो गेला. वर चढला आणि आवाज फाटला. पुन्हा चढला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा नुसती हवा आली. सूर कुठं आहे ते त्याला केसाइतकं अचूक ठाऊक होतं, आणि तिथं त्याला जाता येत नव्हतं. गुरुजींनी तंबोरा आडवा ठेवला.

"जागा माहीत आहेत तुला अजून. गळा गेला. रेडिओला पाठवण्यासारखं काही राहिलं नाही." वर म्हणाले, "ज्यानं ओरडायला लावलं, त्याला जाऊन विचार."

वीरण्णाच्या अंगाचा भडका उडाला. "दर अमावास्येला आलो, गुरुजी. पयल्या साली गळा हुता. दुसऱ्या बी साली हुता. तुमच्या ओट्यावर बसून हुता. तुमी पेपर वाचत हुताव!"

"शास्त्र आहे ते. तुझ्या बाजाराच्या सुट्टीसाठी मोडायचं होतं?"

"माझा मामा अडाणी माणूस. थट्टंत दिलेला शब्द पाळला त्यानं. तुमी शास्त्र पाळलं आन मला मारलं!"

"ऊठ," गुरुजी म्हणाले. "मी तुला बोलावलं नव्हतं."

वीरण्णा उठला. या वेळी तो पाया पडायला वाकला नाही.

लातूरला उतरला तो घरी न जाता तसाच आडतीवर. मामा एकटाच गादीवर होता. जे गुरुजींपुढं उरलं होतं ते सगळं त्यानं इथं ओकलं. माझा गळा खाल्लात, मला नांदेडातून उचकटून आणलंत, लेक देऊन बांधलंत, तोंडाला येईल ते.

"झालं बोलून?" शेवटी मामा म्हणाला. "तुला आणलं, खरं हाय. वरडायला लावलं, खरं हाय. माझी गरज हुती. शब्द दिला तो थट्टंनं, तू धरून बसलास. पर मला एक सांग, तुला दोर कुणी बांधला हुता? दुष्काळ सरला. बापाचं दुकान चाललं. एक दिवस यष्टीत बसून गेला असतास, तर मी काय पोलीस पाठिवणार हुतो? चार शिव्या दिल्या असत्या आन दुसरा पुकारणारा ठिवला असता. गाणाऱ्याला म्हणं दम निघत न्हाई. दहा वर्षं तुला दम निघाला कसा रे?"

गुरुजींच्या तोंडावर वीरण्णाला उत्तर फेकता आलं होतं. पण हा माणूस, ज्याला सा कळत नव्हता की रे, त्यानं नेमकं तिथं बोट ठेवलं होतं जिथं वीरण्णानं स्वतः कधी बघितलं नव्हतं. वाद जिंकल्याचा मामाला आनंद झालेला दिसला नाही, पण माफी मागायचीही त्याच्या मनात नव्हती.

त्याच आठवड्यात वीरण्णानं बायकोमुलांना घेऊन मामाचं घर सोडलं आणि स्टेशनच्या बाजूला खोली केली. पार्वतम्मा कुठं, काय, विचारत बसली नाही. तिनं भांडी बांधली. पहाटे तिनं सवयीनं ज्येष्ठमधाची काडी पुढं केली तर तो म्हणाला, "कशाला आता?" आणि कूस बदलून झोपला. तिला त्या दिवशी रडू आलं, नवऱ्याच्या गाण्यासाठी आयुष्यात पहिल्यांदाच.

मुगाचा हंगाम सुरू झाला. सकाळी ढीग पडले, खरेदीदार जमले, आणि सिद्रामप्पाच्या थप्पीवर वीरण्णा चढला. सिद्रामप्पानं त्याच्या सगळ्या अटी आनंदानं कबूल केल्या होत्या. वीरण्णानं छाती भरून घेतली आणि पहिली बोली पुकारली ती समोरच्या दुकानाकडं तोंड करून. मामाच्या ढिगाभोवतीचे लोक मान वळवून बघायला लागले, मग एकेक करून रस्ता ओलांडून अलीकडं आले. मामा थोडा वेळ पायरीवर उभा राहिला आणि आत गेला. वीरण्णाचा आवाज असा कधी लागला नव्हता, असं गंजात लोक बरेच दिवस बोलत होते. या खेपेला त्याला कुणी ओरडायला लावलं नव्हतं.